साहेबांचा स्वभाव आणि कर्मचाऱ्याचा जीव

तहसील कार्यालयात येऊन कुणी तलाठ्याची कॉलर धरली, तर पुढे काय होते हे समोरच्या चहाटपरीवरच्या पोरालाही ठाऊक असते. पूर्वीचे दंडविधानाचे कलम ३५३, आता भारतीय न्याय संहितेचे कलम १३२. गुन्हा दाखल होतो, संघटना काळ्या फिती लावते, काम बंद पडते, दुसऱ्या दिवशी बातमी येते. दवाखान्यात डॉक्टरवर हात उगारला, तर त्यासाठी महाराष्ट्राचा २०१० चा वेगळा कायदा आहे. पण त्याच तलाठ्याला किंवा त्याच डॉक्टरला वरिष्ठाने भर बैठकीत लायकी काढून झापले, पगार अडवून ठेवला, आईच्या आजारपणासाठी मागितलेली रजा टेबलावर कुजू दिली, रात्री साडेअकराला फोन करून खडसावले, तर त्याने कुणाचे दार ठोठावायचे? बाहेरच्या माणसापासून कर्मचाऱ्याला वाचवणारी कलमे आपण केली. आतल्या माणसापासून वाचवणारे, लैंगिक छळाचा कायदा सोडला तर, धड एकही केले नाही.

आष्टी तालुक्यातल्या नोकरदारांच्या हाती द्यायच्या या पुस्तिकेचा विषय हाच आहे: कामाच्या ठिकाणी होणारा छळ आणि त्याचे कर्मचाऱ्याच्या प्रकृतीवर होणारे परिणाम. पुढच्या पानांत छळाची रूपे, शरीरावर उमटणाऱ्या खुणा, नोंदी ठेवण्याची रीत आणि उपलब्ध कायदे यांची माहिती आहे. ती वाचण्याआधी या विषयाकडे कोणत्या नजरेने पाहावे, एवढेच सांगण्याचा हा प्रयत्न. माझे म्हणणे एका वाक्यात असे: वरिष्ठाने केलेला छळ ही साहेबांच्या स्वभावाची बाब नसून ती कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची आणि आरोग्याची बाब आहे, आणि तिची दखल माणूस मेल्यावर न घेता पहिल्या तक्रारीलाच घेतली गेली पाहिजे.

आष्टी वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. एका अंगाला अप्पर वर्धा धरणाचे पाणी, पलीकडे अमरावती जिल्ह्यातले मोर्शी-वरूड. मुलूख संत्र्याचा, कापसाचा, सोयाबीनचा. इथे महिन्याच्या महिन्याला पगार म्हणजे बहुधा सरकारी, निमसरकारी, शाळेचा नाहीतर बँकेचा. घरात एक नोकरी असली, की तिच्यावर शेतीचे कर्ज, भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न असे सगळे टांगलेले असते. मुंबई-पुण्यातला त्रासलेला माणूस राजीनामा देऊन चार महिन्यांत दुसरी नोकरी धरू शकतो. आष्टीतल्या लिपिकाला किंवा शिक्षकाला ती सोय नाही. शिवाय गाव लहान. ज्या साहेबाने सकाळी अपमान केला तोच संध्याकाळी चौकात भेटतो, त्याची आणि आपली मुले एकाच शाळेत असतात, औषधाचे दुकानही एकच. त्रासाला सुट्टी नाही आणि त्रासलेल्याला आडोसा नाही.

छळ म्हटला की लोकांना शिवीगाळ आठवते. प्रत्यक्षात शिवी हा त्याचा सर्वांत लहान भाग. तालुक्याच्या ठिकाणची एखादी आढावा बैठक डोळ्यांसमोर आणा. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, पडद्यावर गावनिहाय टक्केवारीचा तक्ता, मागे पडलेल्यांच्या ओळी लाल रंगात. लाल ओळीतले नाव पुकारले जाते. माणूस फाइल छातीशी धरून उभा राहतो. सर्व्हर आठवडाभर बंद होता हे त्याला सांगायचे असते, पण "कारणे नकोत" हे शब्द आधीच येऊन आदळतात. मग त्याला बसा म्हणायचे राहून जाते, किंवा मुद्दाम राहू दिले जाते. पुढच्या दहा-बारा नावांची झाडाझडती होईपर्यंत तो तसाच उभा. त्याच्या हाताखालचा कोतवाल आणि अकरा महिन्यांच्या करारावरचा ऑपरेटर मागच्या बाकावरून ते पाहत असतात. रात्री तोच लाल तक्ता व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतो, खाली आदेश: उद्या सकाळी दहापर्यंत खुलासा. या सगळ्यात एकही शिवी नाही. कागदावर पाहिले तर फक्त प्रगतीचा आढावा घेतला गेला.

दुसरे रूप रजेच्या अर्जाचे. अर्ज दिला, की "ठेवा" असे उत्तर. मंजूर नाही, नामंजूरही नाही. नामंजूर म्हणून लेखी दिले असते तर त्याविरुद्ध दाद मागता आली असती. नुसत्या "ठेवा"विरुद्ध कुणाकडे जाणार? माणूस न सांगता गेला तर विनापरवानगी गैरहजर, राहिला तर घरी आजारी माणसाजवळ कुणी नाही. असाच खेळ वेतनवाढीचा, प्रवासभत्त्याच्या बिलाचा, प्रतिनियुक्तीचा, गोपनीय अहवालातल्या शेऱ्याचा. एकाच आठवड्यात तीन कारणे दाखवा नोटिसा देता येतात. ज्याच्याकडे दोन टेबलांचे काम आहे त्याला तिसरे देता येते, किंवा उलट त्याचे सगळे काम काढून घेऊन त्याला रिकाम्या टेबलाशी बसवता येते. कामाविना बसवलेला माणूस कामाने वाकलेल्या माणसाइतकाच खचतो. एक एक गोष्ट सुटी पाहिली तर ती नियमात बसते. ती वारंवार, एकाच माणसाला, महिनोन् महिने होत राहिली, की तिला छळ म्हणायचे.

खाजगी अनुदानित शाळेत साहेबाच्या जागी संस्थाचालक असतो, बँकेच्या शाखेत विम्याचे आणि कर्जवसुलीचे टार्गेट असते. कंत्राटी परिचारिका, डेटा एंट्री ऑपरेटर, अंगणवाडी सेविका, आशा यांच्या बाबतीत तर छळाला निमित्तही लागत नाही. पुढच्या वर्षी ऑर्डर मिळणार नाही, एवढे वाक्य पुरते. बाई असेल, दलित किंवा आदिवासी असेल, तर त्रासाला आणखी एक धार येते. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी जळगावच्या आदिवासी तडवी समाजातल्या होत्या. त्यांनी २२ मे २०१९ रोजी जीवन संपवले. वरिष्ठ विद्यार्थिनींनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला आणि अॅट्रॉसिटी कायद्याखाली खटला उभा राहिला. मुलीला त्रास होतोय हे तिच्या आईने त्याआधी सांगून पाहिले होते.

आष्टीच्या लगतच्याच जिल्ह्यात घडलेले प्रकरण या विषयाच्या मुळाशी नेते. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी सरकारी निवासस्थानी आत्महत्या केली. मागे चार पानांचे पत्र होते, तेही व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रसंचालकांना उद्देशून. त्यात वरिष्ठ उपवनसंरक्षकांवर आरोप होते: मजुरांसमोर आणि गावकऱ्यांसमोर अपमान, रजा नाकारणे, पगार अडवणे, गरोदरपणात जंगलात पायी फिरायला लावणे आणि त्यानंतर झालेला गर्भपात. वरच्या अधिकाऱ्यांना सांगूनही काही झाले नाही, ही त्यांची व्यथा होती. उपवनसंरक्षकांना नागपूर रेल्वे स्थानकावर अटक झाली, ते निलंबित झाले. क्षेत्रसंचालकांवरही निलंबनाची कारवाई झाली. आरोपांचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे, आपले नाही. पण दोन गोष्टी निवाड्याची वाट न पाहताही दिसतात.

पहिली गोष्ट अशी, की दीपाली चव्हाण भित्र्या नव्हत्या. लाकूडचोर आणि अतिक्रमणवाल्यांना त्या इतक्या निर्धाराने भिडत, की लोक त्यांना 'लेडी सिंघम' म्हणत. छळाला कमकुवत माणसेच बळी पडतात, ही समजूत इथे कोसळते. तस्कराशी दोन हात करताना पाठीशी खाते असते. खातेच समोर उभे ठाकले, की माणूस एकटा पडतो. दुसरी गोष्ट, अटक, निलंबन, चौकशी, मंत्र्यांची निवेदने हे सगळे २५ मार्चनंतर घडले. त्यातली शतांश हालचाल २५ फेब्रुवारीला झाली असती, तर आज या पानावर त्यांचे नाव लिहावे लागले नसते.

सगळेच बळी अशा टोकाला जात नाहीत, आणि म्हणूनच ते मोजले जात नाहीत. बहुसंख्य माणसे रोज कार्यालयात येतात, सही करतात आणि आतून झिजत जातात. ही झीज कशी होते, हे वैद्यकशास्त्राला बऱ्यापैकी कळलेले आहे. समोर धोका दिसला, की शरीर अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके सोडते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वाढते. लढायला किंवा पळायला ते उपयोगी असते. पण साहेबाशी लढता येत नाही आणि बैठकीतून पळताही येत नाही. वापराविना चढलेला तो दाब रात्री झोपेतही उतरत नाही, कारण डोक्यात दिवसभराचे बोलणे पुन्हा पुन्हा घोळत राहते. मग पहाटे तीनला जाग येणे, आम्लपित्त, डोके आणि मान धरणे, मासिक पाळी बिघडणे, तंबाखू-खर्रा वाढणे, घरात लेकरांवर विनाकारण ओरडणे हे ओळीने येते. फोन वाजला, की छातीत धस्स होते. रविवारी संध्याकाळपासूनच सोमवार डोक्यावर बसतो. ग्रामीण रुग्णालयात असा माणूस चक्कर येते, झोप नाही, अन्न जात नाही म्हणून येतो आणि गोळ्या घेऊन जातो. कार्यालयात काय चालले आहे, हे त्याला कुणी विचारत नाही. तोही सांगत नाही.

हे नुसते मनाचे खेळ नाहीत. इंग्लंडमध्ये १९६७ पासून सरकारी कर्मचाऱ्यांचा एक प्रदीर्घ अभ्यास झाला. लंडनमधल्या सरकारी कार्यालयांच्या रस्त्यावरून तो 'व्हाइटहॉल' म्हणून ओळखला जातो. त्यात आढळले, की सर्वांत खालच्या श्रेणीतल्या निरोप्ये आणि दरवानांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळे जमेस धरूनही या फरकाचा मोठा भाग उलगडत नव्हता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात त्याचा एक धागा सापडला: आपल्या कामावर आपला ताबा नसणे. वरिष्ठ आपल्याशी न्यायाने वागतात, असे ज्यांना वाटत होते त्यांच्यात हृदयविकार कमी आढळला, हेही पुढे दिसून आले. साहेबांच्याच हृदयावर ताण येतो, ही आपली लाडकी समजूत त्या आकड्यांनी उलटी केली. २०१८ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या सुमारे ७९ हजार नोकरदारांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. कामाच्या ठिकाणी छळ सोसणाऱ्यांना हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार होण्याची जोखीम इतरांपेक्षा ५९ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात दिसले. अशा अभ्यासांतून अमुक साहेबामुळे अमुक माणसाला झटका आला, असे सिद्ध होत नाही. पण हजारो माणसांमध्ये छळ आणि आजार हातात हात घालून चालताना दिसतात, तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही.

मग लोक बोलत का नाहीत? घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, हे शहाणपण आपल्याकडे बाळगुटीतच मिळते. कुणी तोंड उघडलेच, तर सहकारी हळूच म्हणतो, "कायले साहेबाच्या नादी लागतं गा? दोन वर्सात बदली होऊन जाईन त्याची." यात आपुलकी असते, अनुभवही असतो. साहेबाची बदली खरोखर होते. पण साहेब दुसऱ्या तालुक्यात जातो आणि तिथे दुसरा कुणी फाइल छातीशी धरून उभा राहतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १२१ देशांत केलेल्या पाहणीचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला. नोकरी करणाऱ्या दर पाचांतल्या एकाहून अधिकांनी आयुष्यात कधी ना कधी कामाच्या ठिकाणी हिंसा किंवा छळ सोसल्याचे त्यात आढळले. त्यातल्या निम्म्यांहून थोड्याच अधिकांनी ते दुसऱ्या कुणाला सांगितले होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही फक्त आपल्याकडची रीत नाही.

आष्टीला 'शहीद' हे बिरुद आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तुकडोजी महाराजांच्या भजनांनी जागे झालेले इथले लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले आणि गोळ्यांना सामोरे गेले. त्यांच्या नातवंडांना आज साध्या तक्रारीवर आवक क्रमांक मागताना हात कापतो, असे म्हणून त्यांना हिणवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. १९४२ ला माणसे जमावाने गेली होती. आजचा कर्मचारी आस्थापना शाखेच्या खिडकीशी एकटा उभा असतो. शेजारच्या टेबलावरचा डोळे खाली घालून कागद चाळतो, कारण उद्या त्याची पाळी येईल ही भीती त्यालाही आहे. छळ चालतो तो एका माणसाच्या जोरावर नाही, भोवतालच्या दहा जणांच्या गप्प बसण्यावर. म्हणून या पुस्तिकेतले प्रकरण 'साक्षीदाराने काय करावे' हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आता कायद्याचे. छळाची तक्रार घेऊन पोलिसांत गेले, तर धमकी, मारहाण, जातिवाचक अपमान किंवा लैंगिक छळ असेल तरच गुन्हा नोंदवला जातो. बाकी सगळे कार्यालयीन बाब. कर्मचाऱ्याने आत्महत्या केली, की मात्र आत्महत्येस प्रवृत्त केल्याचे कलम पुढे येते: जुने ३०६, आता न्याय संहितेचे १०८. पण तेही कसे चालते ते पाहा. औरंगाबादच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने ऑगस्ट २०१७ मध्ये आत्महत्या केली. कामाचा डोंगर, अवेळी आणि सुट्टीच्या दिवशी बोलावणे, महिन्याचा पगार रोखणे, वेतनवाढ रोखण्याची धमकी, असे त्याच्या पत्नीचे आरोप होते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १७ मे २०१८ रोजी तो रद्द केला. माणसाला आत्महत्येकडे ढकलण्यासाठीच मुद्दाम तशी परिस्थिती निर्माण केली असेल, तर हे कलम लागू शकते. नुसते काम नेमून देणे किंवा पगार रोखणे यावरून तसा हेतू दिसत नाही, असा त्या निकालाचा आशय. लखनौमधल्या एका कंपनीच्या विक्रेत्याने २००६ मध्ये आत्महत्या केली होती. त्याच्या वरिष्ठांवरचा खटला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, अठरा वर्षांनी.

या निकालांवर रागावून उपयोग नाही. गुन्ह्याचा कायदा हेतू शोधतो, आणि ते बरोबरही आहे. नाहीतर प्रत्येक कडक अधिकारी तुरुंगात जाईल. चूक आपली आहे. जे काम सेवानियमांनी आणि कामगार कायद्याने दहा पावले आधी करायला हवे, ते आपण फौजदारी कायद्यावर सोपवून बसलो आहोत. खून झाला नाही म्हणून मारहाण माफ, असे आपण इतर कुठे म्हणत नाही.

कामगार कायद्यातल्या फटी किती मोठ्या आहेत याचे एकच उदाहरण देतो. कामगारांची सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीची २०२० ची केंद्रीय संहिता मालकावर जबाबदारी टाकते, की कामाची जागा सुरक्षित आणि आरोग्याला धोका नसलेली असली पाहिजे. पण त्याच संहितेत केंद्र आणि राज्य सरकारची कार्यालये वगळलेली आहेत. तिथे ठेकेदारामार्फत ठेवलेल्या मजुरांपुरतीच ती लागू होते. म्हणजे आष्टीच्या एखाद्या सरकारी कार्यालयात सफाईचे कंत्राट असेल, तर झाडू मारणारी बाई या संहितेच्या छत्राखाली येते आणि तिथलाच लिपिक बाहेर राहतो. खाजगी क्षेत्रात कायदा आहे, तर अंमल नाही. पुण्याच्या एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण संस्थेत मार्च २०२४ मध्ये रुजू झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल जुलैमध्ये दगावली. कामाच्या ओझ्याने तिचा बळी घेतला, असे पत्र तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिले. संस्थेने ते मानले नाही. राज्याच्या कामगार विभागाने त्यानंतर पाहणी केली, तेव्हा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्या कार्यालयाची नोंदणीच नसल्याचे समोर आले.

दुसऱ्या देशांनी काय केले? स्वीडनने १९९३ मध्येच कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियम केला. त्यामागे हाइन्झ लेमान या मानसशास्त्रज्ञाचे काम होते. फ्रान्सने २००२ मध्ये मानसिक छळ हा कामगार कायद्यात आणि दंडसंहितेत आणला. तिथल्या फ्रान्स टेलिकॉम कंपनीने २२ हजार माणसे कमी करण्यासाठी नकोशा बदल्या आणि अपमान यांचा मार्ग धरला, त्या काळात अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखांना दोषी ठरवले. एखाद्या साहेबाचा तापटपणा नव्हे, तर कंपनीचे धोरणच छळ ठरू शकते, हे त्या निकालाने सांगितले. जपानने २०१९ मध्ये अधिकाराच्या जोरावर होणाऱ्या छळाला आळा घालण्याची जबाबदारी मालकांवर टाकली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ यांविरुद्ध १९० वा करार संमत केला. तो जून २०२१ पासून अमलात आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

फ्रान्समधल्या निकालाचा धडा आपल्या तालुक्याला जवळचा आहे. आढावा बैठकीत झापणारा अधिकारी बहुधा आदल्या दिवशी जिल्ह्याच्या व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये स्वतः झापून घेतलेला असतो, आणि जिल्ह्याला मंत्रालयाने झापलेले असते. ताप वरून खाली उतरत जातो आणि ज्याच्या खाली कुणीच नाही त्याच्यापाशी येऊन थांबतो. अधेमध्ये स्थानिक पुढारी आणि ठेकेदार असतात. त्यांच्या बिलावर सही न करणारा प्रामाणिक अधिकारीही छळाचाच बळी असतो. म्हणून ही पुस्तिका अधिकाऱ्यांच्या विरोधात लिहिलेली नाही. अधिकाऱ्यांनीही ती वाचावी, स्वतःसाठीसुद्धा.

एक आक्षेप हमखास येईल: असे लाड केले तर काम कोण करणार? आधीच कर्मचारी जागेवर सापडत नाहीत, मुख्यालयी राहत नाहीत, लोकांना चकरा मारायला लावतात. ही तक्रार खोटी नाही. कामचुकाराला जाब विचारलाच पाहिजे, आणि प्रत्येक मेमोला छळ म्हणणाराही भेटतो. पण शिस्त आणि छळ यांतला फरक ओळखता येतो. शिस्त लेखी असते, छळ तोंडी. शिस्तीत चूक कोणती ते सांगितले जाते, छळात माणूसच चूक ठरवला जातो. शिस्तीत उत्तर द्यायला वेळ मिळतो, छळात उत्तरही उद्धटपणा ठरतो. शिस्त सगळ्यांना सारखी असते, छळ एकालाच गाठतो. कडक पण सरळ साहेबांच्या आठवणी लोक निवृत्तीनंतरही काढतात. त्यांच्या काळात कामही झालेले असते.

उपाय मर्यादित आहेत, पण शून्य नाहीत. तोंडी आदेश मिळाला, तर तो त्याच दिवशी पत्राने किंवा मेलने परत कळवून नोंदवून ठेवावा. रजेचा अर्ज हाती न देता आवक शाखेत देऊन क्रमांक घ्यावा. घडलेल्या प्रसंगाची तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि हजर असलेली माणसे घरच्या वहीत लिहावीत. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपाव्यात. गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद संबंधिताला कळवली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुदतपूर्व बदलीला लेखी कारणे लागतात, हे राज्याचा २००५ चा बदली कायदा सांगतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे नागपूर खंडपीठ आहे. खाजगी शाळांतल्या शिक्षकांना १९७७ च्या कायद्याखालचे शाळा न्यायाधिकरण आहे, पण ते बडतर्फी, पदावनती अशा बाबींपुरतेच. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे: दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि तक्रारीला साधारण तीन महिन्यांची मुदत. त्याच धर्तीवर कोणत्याही छळासाठी, वरिष्ठाच्या साखळीबाहेरची, ठरलेल्या मुदतीत निर्णय देणारी समिती प्रत्येक जिल्ह्यात असावी, ही मागणी संघटनांनी महागाई भत्त्याइतक्याच जोराने लावून धरावी. हरिसालची तक्रार ज्यांच्याकडे करायची होती, ते त्याच साखळीतले होते.

वाचकांना तीन गोष्टी सांगून थांबतो. त्रास सोसत असाल, तर झोप, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या आणि डॉक्टरांना कार्यालयाचे कारणही सांगा. जगणे नको वाटू लागले, तर त्याच दिवशी घरच्या कुणाशी तरी बोला आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. शेजारच्या टेबलावर छळ होताना पाहत असाल, तर निदान त्याच्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही करा. आणि तुम्ही स्वतः साहेब असाल, तर पुढच्या बैठकीत नाव पुकारून उभे केलेल्या माणसाचे म्हणणे आधी पूर्ण ऐका, मग त्याला बसायला सांगा आणि जे सुनवायचे ते लेखी द्या.